शंभर कॅलरींची बाटली

फेल्डहोवनला, आइंडहोवनला किंवा नेदरलँड्समध्ये कुठेही नोकरी करत असाल, तर शुक्रवार दुपारचं 'बोरल' तुम्हाला माहीत आहेच. लॅपटॉप मिटायचा, मधोमध बिटरबालनची बशी, हातात बिअर आणि दोन तास गप्पा. पहिल्या वर्षी आपण हे शिकतो, दुसऱ्या वर्षी त्यात रमतो, आणि तिसऱ्या वर्षी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून विचारतात, 'आठवड्याला किती पिता?' माझ्या बाबतीत क्रम अगदी हाच होता. आपल्याकडच्या लोकांना मधुमेहाचा धोका कमी वजनावरच सुरू होतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ लाच सावध व्हा असं सुचवलं. मी २५ च्या पुढे होते.

बिअर सोडून देणं हा सगळ्यात सरळ उपाय, आणि तुम्ही पीत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. पण मी नुकतीच घरी बिअर बनवायला शिकले होते. इथे स्वतःपुरती बनवायला कायद्याची आडकाठी नाही, विकायची मात्र नाही. (सुट्टीत पुण्याला गेलात की तिथे हा प्रयोग करू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.) तर माझ्यापुढचा प्रश्न असा होता: कॅलरी कमी करायच्या आणि चव ठेवायची, जमेल का?

पहिल्या प्रयत्नात मी सपशेल चुकले. ती चूक आधी सांगते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

बिअर म्हणजे थोडक्यात काय, तर बार्लीला मोड आणून वाळवायचे, म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचं. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स पिठूळपणाची साखर करतात. हे तुमच्या घरात झालेलं आहे: मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घातलं की बाळाची घट्ट पेज पातळ होते, ती याच एन्झाइम्समुळे. मग ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. सगळी साखर मात्र त्याला खाता येत नाही. डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्या तशाच उरतात आणि बिअरला अंग देतात.

मला वाटलं, उरलेली साखर म्हणजे कॅलरी, मग ती संपवली की झालं! बाजारात ग्लुकोअमायलेज मिळतं. ते डेक्स्ट्रिनचेही तुकडे करतं आणि यीस्ट सगळं फस्त करतं. मी नेहमीच्या पिल्सच्या मापानेच माल्ट घेतलं आणि हे एन्झाइम घातलं. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर पाण्याच्या घनतेवर, १.००० वर आला. मी खूश. मग आकडेमोड केली.

एक ग्रॅम साखरेत साधारण ४ कॅलरी. यीस्टने ती खाल्ली की जेमतेम अर्धा ग्रॅम अल्कोहोल होतं, पण अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. म्हणजे ४ च्या जागी ३.५. साखर गेली, कॅलरी राहिल्या, फक्त कपडे बदलून. सुरुवातीची घनता १.०४६ असलेली साधी पिल्स १.००८ वर थांबली तर ३३० मिलीच्या बाटलीत साधारण १४० कॅलरी आणि ५ टक्के अल्कोहोल. माझ्या 'डाएट' बिअरमध्ये १३७ कॅलरी आणि ६ टक्के अल्कोहोल. तीन कॅलरी वाचवण्यासाठी मी पाणचट आणि जास्त चढणारी बिअर केली होती.

गंमत म्हणजे लाइट बिअरचा इतिहास याच एन्झाइमपासून सुरू होतो. ब्रुकलिनच्या राइनगोल्ड ब्रुअरीत काम करणाऱ्या जोसेफ ओवेड्स या जीवरसायनशास्त्रज्ञाने ते वापरलं आणि १९६७ मध्ये 'गॅब्लिंगर्स डाएट बिअर' बाजारात आली. ती पडली. १९७५ मध्ये 'मिलर लाइट' अमेरिकाभर विकायला आली आणि तुफान चालली. पण अशा बिअरच्या कॅलरी घटतात त्या निव्वळ एन्झाइममुळे नव्हेत. साखर संपवून झाली की बाटलीत पाणी जास्त आणि माल्टचा अंश कमी राहील असं बघावं लागतं. म्हणजे कॅलरी यीस्ट घालायच्या आधीच ठरतात, भांड्यात किती धान्य पडलं त्यावर.

एकदा हे पटलं की खेळ उलटा होतो. धान्य कमी घ्यायचं, आणि जेवढं आहे त्यातून जास्तीत जास्त अंग टिकवायचं. सुरुवातीची घनता १.०३२ ठेवली, तर बिअर १.००२ पर्यंत सुकवा किंवा १.००९ वर थांबवा, बाटलीमागे ९७ आणि ९९ कॅलरी. फरक दोनाचा! पण पहिलीत अल्कोहोल ३.९ टक्के आणि तोंडात काहीच नाही, दुसरीत ३ टक्के आणि घोटाला वजन.

दहा लिटरसाठी माझं आत्ताचं माप: एक किलो पेल एल माल्ट, २५० ग्रॅम म्युनिक (भाजक्या पावाची चव याच्याकडून), १५० ग्रॅम ओट्स आणि १०० ग्रॅम हलकं कॅरामेल माल्ट. दीड किलो एकूण. पिल्सला सव्वादोन लागतं. पाण्यात भिजवताना तापमान ६९ ते ७० अंश, पाऊण तास. ६३ च्या आसपास ठेवलंत तर बीटा-अमायलेज जोरात चालतं आणि यीस्टला आवडणारी साखर जास्त होते. ७० कडे ते लवकर निकामी होतं आणि डेक्स्ट्रिन जास्त उरतात. सगळ्या पाककृतीत थर्मामीटरवरचे हे सात अंश सर्वात महत्त्वाचे. पाण्याची काळजी इथे नको, डच नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवत नाहीत.

चवीचा मोठा भाग हॉप्सचा, आणि हॉप्सना जवळजवळ कॅलरीच नाहीत. पण कडूपणा जपून. पाठीशी गोडवा कमी असल्याने नेहमीएवढं कडू केलंत तर काढा लागेल. मी उकळताना थोडेच घालते, बाकीचे ३० ग्रॅम गॅस बंद करून, ८० अंशांवर उतरल्यावर, वीस मिनिटं. वास राहतो, कडवटपणा फारसा येत नाही. यीस्ट इंग्लिश एलचं, १९ अंशांवर. ते फळांसारखा वास देतं आणि सगळं ओरबाडून खात नाही.

आईची इथली पहिली भेट आणि ही बादली एकाच आठवड्यात आली. झाकणातून बुडबुडे येताना बघून ती म्हणाली, 'अगं, एवढं इडलीचं पीठ कोणासाठी?' मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'झाकण घट्ट लावू नकोस म्हणजे झालं.'

तिचं बरोबर होतं. माझ्या त्या पहिल्या बॅचची एक बाटली रात्री दोन वाजता स्टोअररूममध्ये फुटली. एन्झाइम बाटलीतही काम करत राहिलं होतं. सेझोनच्या काही यीस्टमध्येही ग्लुकोअमायलेज तयार करणारा जीन असतो, आणि थंडीत घातलेल्या हॉप्समधल्या एन्झाइम्समुळेही आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून हायड्रोमीटरचा आकडा तीन-चार दिवस हलला नाही की मगच बाटल्या भरा, आणि जाड काचेच्याच घ्या. फेसासाठी लिटरमागे ६ ग्रॅम साखर, म्हणजे बाटलीला आणखी सात कॅलरी. शीर्षकात मी त्या धरल्या नाहीत, माफ करा.

अजून एक धोक्याची सूचना. ३ टक्के गाठलंत, आता घरीच ०.५ करू असं वाटेल. नको. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स मिळून बिअरला जंतूंपासून वाचवतात. अल्कोहोल काढलं की कारखान्यासारखं पाश्चरायझेशन आणि पीएचवर नियंत्रण हवं. ते बादलीत होत नाही.

आणि हिशोबाचा शेवटचा आकडा. डच आरोग्य परिषदेचा २०१५ चा सल्ला असा आहे: दारू पिऊ नका, निदान दिवसाला एका ग्लासच्या वर जाऊ नका. इथला ग्लास म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. माझ्या बाटलीत साधारण आठ. दोन प्यायल्या की सोळा ग्रॅम आणि दोनशेच्या वर कॅलरी, म्हणजे एका पिल्सपेक्षा दोन्ही जास्त. बोरलला मी आता एकच घरची बाटली नेते. ती संपली की पाणी पिते, आणि बिटरबालन मात्र अजून सुटलेले नाहीत.

जाताना आई मोड आणलेल्या नाचणीचं पाव किलो पीठ ठेवून गेली. पुढच्या बॅचमध्ये ओट्सच्या जागी तेच घालून बघणार आहे.