स्मृतिभ्रंश : सांभाळणाऱ्याचा एकाकीपणा

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचा आजार घरादाराला दिसतो. तिला सांभाळणाऱ्याची अवस्था मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते आणि ती प्रामुख्याने पत्नी, सून वा मुलगी करते.

दिवसभर माणूस समोर असूनही तिला एकटेपणा ग्रासतो. चाळीस वर्षांच्या संसाराच्या आठवणी आता तिच्या एकटीच्याच मनात उरलेल्या असतात. तोच प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, रात्री जागून काढाव्या लागतात. दार उघडे राहिले तर रुग्ण बाहेर पडेल, या धास्तीने लग्नकार्य, हळदीकुंकू, बाजार सारेच सुटते. 'वेड लागले' ही कुजबुज कानी पडू नये म्हणून घरचेच पाहुण्यांना टाळू लागतात.

पैनगंगेकाठच्या आदिलाबाद जिल्ह्यात याला भाषेचाही पदर आहे. मराठी घरांतील अनेक वृद्धांनी बाजारात व कचेरीत आयुष्यभर तेलुगू, हिंदी वापरलेली असते. आजार बळावला की नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी मागे पडते आणि मायबोली टिकते. मग डॉक्टर, शेजारी यांच्यासमोर रुग्णाचा दुभाषा होण्याचे कामही त्याच व्यक्तीवर येते आणि घटकाभर तिची जागा घेऊ शकणारी माणसे आणखी कमी होतात.

यावर उपाय आहे, हे गोव्याने दाखवले. डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक सल्लागार सहा महिने घरी जात, आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला कसे सामोरे जावे ते शिकवत. आजार बरा होणार नव्हताच. परंतु सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले.

नातेवाइकांनी 'काही लागले तर सांगा' असे म्हणण्याऐवजी आठवड्यातून ठरावीक दोन तास रुग्णाजवळ बसावे. मन फारच खचल्यास 'टेली-मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर, तर ज्येष्ठांविषयीच्या मदतीसाठी १४५६७ वर दूरध्वनी करता येतो.