शिडाची होडी आणि समुद्राचे पंचांग

नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ वाहतात आणि हंगाम सुरू झाला असे मानतात. समुद्राचे असे पंचांग आपल्याच किनाऱ्यावर चालते असे मात्र नाही. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करू पाहणाऱ्यालाही मुहूर्त गाठावा लागतो, आणि तो ठरवते दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक, केप हॉर्न. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळा म्हणजे आपला वैशाख नव्हे, बरं का! थंडी, वादळे, डोंगराएवढ्या लाटा असतातच. इतर महिन्यांपेक्षा जरा बऱ्या, एवढेच. म्हणून खलाशी आधी हॉर्नचा महिना धरतो आणि तिथून मागे मोजीत निघण्याचा दिवस काढतो. होडीची सगळी डागडुजी त्या दिवसाच्या आत उरकायची.

या बाबतीत 'सुहेली' नावाच्या होडीची हकिगत ऐकण्यासारखी आहे. लांबी अवघी बत्तीस फूट, आणि जन्म आपल्या मुंबईतला! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दीने ती कुलाब्याला सागवानी लाकडात बांधून घेतली, आणि १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. पुढे १९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्राने, कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारण्याची स्पर्धा जाहीर केली. निघण्याची मुदत १ जून ते ३१ ऑक्टोबर. नॉक्स-जॉन्स्टन १४ जूनला इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाला.

आता तुम्ही विचाराल, लाकडी होडीची तयारी म्हणजे करायचे तरी काय? शिडांची शिवण उन्हाने कुजते, ती पुन्हा घालायची. दोर जिथे घासतात तिथे तपासायचे. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, नाहीतर होडीचा वेग मरतो. ही कामे डोळ्यांना दिसतात, म्हणून होतातही. खरी गोम आहे फळ्यांच्या सांध्यांत. लाकूड पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून दोन फळ्यांमध्ये कापूस ठासून वर लुकण भरतात. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगून त्याला घट्ट धरतात. पण भर समुद्रात लाटांनी सारा सांगाडाच पिळवटू लागला म्हणजे हा कापूस निसटतो. त्यातही सर्वांत नाजूक जागा म्हणजे तळाच्या कण्याला लागून असलेली पहिली फळी. तिथे हात पोचत नाही, आणि नजरही.

नेमका तिथेच 'सुहेली'ला घोर लागला. प्रवासाच्या सुरुवातीलाच, केप व्हर्दे बेटांच्या आसपास, पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने बुडी मारून पाहिले, तर कण्यालगतचा सांधा उघडलेला! परत फिरावे, तर हॉर्नचा उन्हाळा हातचा जाणार. तसेच पुढे जावे, तर जिवाशी गाठ. शेवटी एकेका श्वासात पाण्याखाली जाऊन त्याने सांध्यात कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मधेच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. गोदीतले हे काम त्या माणसाने समुद्राच्या पोटात केले.

१७ जानेवारी १९६९ ला त्याने हॉर्न ओलांडले. १७ मार्चला त्याला तीस वर्षे पूर्ण झाली, ती पाण्यावरच. ना घरचे कोणी, ना औक्षण. २२ एप्रिलला तो फालमथला परतला. ३१२ दिवस! स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांत फेरी पुरी करणारा तोच एकटा.

आपल्याकडे हा मान पहिल्याने मिळवला नौदलाचे दिलीप दोंदे यांनी. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. लाकडावर फायबरग्लासचे थर चढवलेली ती ५६ फुटांची होडी; उघडणारे सांधेच तिला नव्हते. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून होडी पुन्हा नीटनेटकी करायला त्यांना वाव होता, आणि मे २०१० मध्ये ते मुंबईला परत आले. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले, ते पाच महिने कुठेच न थांबता. जे मोडेल ते त्यांना चालत्या होडीतच, जवळ असेल तेवढ्या सामानावर, दुरुस्त करायचे होते.