आपला उकिरडा, त्यांचे अंगण

व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकविणे म्हणजे वरणभातासारखे काम. मायना, विषय, 'महोदय', मजकूर आणि शेवटी 'आपला विश्वासू'. मुलांनाही पाठ आणि मलाही. पण २०१८ सालच्या फेब्रुवारीत या वरणभातात असा खडा लागला की, त्याची कळ अजून गेलेली नाही.

तेव्हा आमच्या शहराचे नाव औरंगाबाद होते. वर्षानुवर्षे शहराचा सारा कचरा नारेगावला नेऊन टाकला जाई. त्या महिन्यात तिकडच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, आणि रोजचा चारशे टनांच्या आसपासचा कचरा जिथल्या तिथे साचू लागला. नाकाला पदर लावल्याशिवाय बाजारात जाता येईना. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तर तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. मलिक अंबराने चारशे वर्षांपूर्वी ज्या शहरात जमिनीखालून नहर काढून स्वच्छ पाणी आणले, त्या शहराला स्वतःची घाण कुठे ठेवावी हे सुचेना! (हे वाक्य आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी माझ्याकडून उसने नेले आहे, ते असो.)

अशा दिवसांत वर्गाला विषय द्यायला मी कशाला डोके खाजवू? 'कचऱ्याच्या समस्येबाबत आयुक्तांना अर्ज लिहा,' म्हटले. अर्ज आले. भाषा शुद्ध, हस्ताक्षर नेटके आणि मागणी एकच: आमच्या वसाहतीतला कचरा तातडीने उचलून शहराबाहेर टाकावा. मी खुशीत गुण दिले. एका मुलाच्या अर्जात तेवढा मायना चुकला होता, विषयाची ओळ नव्हती. त्याला दहापैकी तीन.

तास संपल्यावर तो टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मायना चुकला हे खरंय. पण तुम्ही खालचं वाचलं होतं का?"

मी वाचले नव्हते. म्हणजे डोळ्यांखालून घातले होते. आता वाचले. मुलगा नारेगावच्या बाजूचाच. त्याने आयुक्तांना विचारले होते, की सगळे 'शहराबाहेर' म्हणतात ते नेमके कुठे? आमची आजी माश्यांमुळे भाकरीवर फडके धरून जेवते, ती शहराबाहेरच राहते. बस्स, एवढाच अर्ज.

वाचक हो, वीस वर्षे शिकवूनही आपली मान अशी खाली जाऊ शकते!

वातावरण निवळल्यावर आठ-दहा मुलांना घेऊन मी तिकडे गेले. गावकऱ्यांनी आधी आमच्या हातांतल्या मोबाईलकडे पाहिले आणि फोटो काढायला आलात का, म्हणून विचारले. बरोबरच होते त्यांचे. आमच्या विहिरींचे पाणी बिघडले, ही त्यांची जुनी तक्रार. एका आजींनी आम्हाला तांब्याभर पाणी दिले, तेही विकतच्या जारमधले. ज्यांच्या दारात आम्ही आपले उष्टेखरकटे टाकत आलो, त्यांनी आमच्यासाठी पाणी विकत आणावे! परतताना मुले बसमध्ये एरवीसारखी गायली नाहीत.

मला तेव्हा पुण्याची एक गोष्ट आठवली. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील मंडळी कचरावेचक बायका-मुलांना अक्षरे शिकवायला गेली. अ-आ-इ बाजूलाच राहिले आणि निराळाच धडा निघाला. कचरा घरातच वेगळा करून मिळाला, तर या बायकांना उकिरडा उपसावा लागणार नाही आणि चार पैसेही जास्त सुटतील. त्या ओळखीतून १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. बाबा आढावांचे त्यात मोठे पाठबळ. पुढे २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला. शिकवायला गेलेल्यांनी आधी ऐकून घेतले, हे मला त्यात फार मोलाचे वाटते.

माझ्या विद्यार्थ्यांना मात्र ऐकण्यापेक्षा पकडण्याची घाई! आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोणीतरी पहाटे पिशव्या टाकून जाई. मुलांनी ठरविले, लपून फोटो काढायचे आणि व्हॉट्सॲपवर लावायचे. खरे सांगते, मलाही कल्पना आवडली. चोराला चव्हाट्यावर आणण्यात एक सुख असतेच.

आडवी आली ती वर्गातली एक मुलगी. "मॅडम, त्या कोण आहेत ते मला माहीत आहे," म्हणाली. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी बाई. खोली एकच, त्यात लहान मूल. सहाला कंपनीची बस, आणि घंटागाडी येणार नऊला. ओला कचरा दिवसभर कोंडून ठेवायचा तर उंदीर येतात. मग तिने करायचे काय?

फोटोचा बेत बारगळला. मुले घंटागाडीवाल्यांशी बोलली. त्यांचा फेरा ठरलेला, तो बदलेना. शेवटी तोडगा निघाला तो अगदी साधा. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी आपल्या ओट्यावर तिची झाकणाची बादली ठेवून घेतली, आणि गाडी आली की तेच ती देऊ लागले. दोन घरी हा उपाय जमला. तिसऱ्या घरी शेजाऱ्यांनी साफ नकार दिला, आणि त्या कोपऱ्यावर अजूनही पिशव्या दिसतात.

याच धामधुमीत घंटागाडीवरच्या ताईंनी एकदा आपले चिंधी बांधलेले बोट दाखविले. ओल्या कचऱ्यात काच लागली, म्हणाल्या. ती कोणाच्या घरची, ते त्यांना ठाऊक नव्हते. मला मात्र आदल्या दिवशी भाजीच्या देठांत सारलेली फुटकी बरणी आठवली. 'ओला-सुका वेगळा करा' म्हणून मुलांना घसा फोडून सांगणारी मी! ताईंना मी ते तिथेच सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कागदात गुंडाळून वेगळं द्या बाई, म्हणजे झालं."

तो तीन गुणांचा अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. गुण खोडून वाढवावेत असे पुष्कळदा वाटले. पण मग वाटले, ती चूक त्याच्या नव्हे, माझ्या नावावर आहे, राहू दे. मुलगा पदवी घेऊन गेला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि मी आधी आजींची चौकशी करते.

परवा फराळाच्या गडबडीत काचेचा एक बोल फुटला. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, दोरा बांधला आणि उत्तरपत्रिका तपासायच्या लाल पेनने वर ठळक लिहिले: 'काच'. तेवढ्यात खाली घंटा वाजली.