सोडल्यानंतरची सिगारेट

सिगारेट सोडणे आणि सिगारेटवाचून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धूम्रपानाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा फार मोठा भाग पहिल्या गोष्टीपाशीच थांबतो. नववर्षाचा संकल्प, घरात झालेला बाळाचा जन्म किंवा डॉक्टरांनी दिलेली तंबी अशा निमित्तांनी पाकीट फेकून देणाऱ्यांची संख्या कमी नसते. पण त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत त्यांचे काय होते, याची विचारपूस क्वचितच केली जाते. हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये हेरॉइन, दारू आणि तंबाखू सोडलेल्या लोकांची माहिती एकत्र मांडली, तेव्हा तिन्ही व्यसनांचे आलेख जवळजवळ एकावर एक बसले : उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे दोन तृतीयांश माणसे पुन्हा व्यसनाकडे वळली होती. कोणाचीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे आढळले की त्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा ओढू लागतात आणि सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात केवळ ३ ते ५ असतात. एवढ्या माणसांना एकाच टप्प्यावर अपयश येत असेल, तर त्याचा दोष प्रत्येकाच्या मनाच्या दुबळेपणावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. तो टप्पाच नीट समजून घ्यायला हवा.

या टप्प्याच्या अभ्यासाचा एक धागा मुंबईच्या गोराईपर्यंत येऊन पोहोचतो. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीपलीकडे उभ्या असलेल्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली ८,००० साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात, आणि त्याच परिसरातील 'धम्म पत्तन' या केंद्रात दहा दिवसांची निवासी शिबिरे भरतात. विपश्यनेची ही साधना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका यांचा स्वतःचा या मार्गावरचा प्रवेशही औषधाच्या सवयीच्या भीतीतून झाला होता : तीव्र अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फिन द्यावे लागत असे, त्याची सवय जडण्याचा धोका दिसू लागला होता, आणि अशा अवस्थेत १९५५ मध्ये ते ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. माणूस वरवर पाहता दारूच्या किंवा सिगारेटच्या अधीन असतो, पण खरे पाहता तो शरीरात उठणाऱ्या संवेदनांच्या अधीन असतो, असे ते पुढे आपल्या प्रवचनांतून सांगत आले. सिगारेट सोडलेल्या माणसाच्या बाबतीत या म्हणण्याचा अर्थ शरीरशास्त्राच्या अंगानेही तपासता येतो.

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते आणि तेथील पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे त्याच्यासाठीच जणू खुल्या असलेल्या जागांना, जाऊन चिकटते. त्यातून डोपामिन हे सुखाशी आणि सवयीशी निगडित रसायन पाझरते. नियमित ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्या वाढलेली असते. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे या जागा रिकाम्या होऊ लागतात आणि चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, भूक वाढणे, कशातच लक्ष न लागणे, मलावरोध अशी लक्षणे सुरू होतात. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, त्यातही पहिल्या दोन-तीन दिवसांत, ही लक्षणे सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतात. वाढलेल्या ग्राहकांची संख्या पूर्ववत व्हायला मात्र सुमारे सहा ते बारा आठवडे लागतात. दरम्यान 'एकच झुरका' किती महागात पडतो, हे २००६ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन केलेल्या एका प्रयोगात दिसून आले : सिगारेटचे एक-दोन झुरके मुख्य प्रकारच्या ग्राहकांपैकी निम्मे भरून टाकतात आणि ते सुमारे तीन तास भरलेले राहतात. 'एका झुरक्याने काय होतंय' या मित्रमंडळींतील नेहमीच्या आग्रहाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

गोराईच्या दहा दिवसांच्या शिबिरात तंबाखूला कोणत्याही रूपात परवानगी नाही, कारण नशेचा त्याग हे शिबिरात पाळावयाच्या पाच शीलांपैकी एक आहे. पहाटे चारला घंटा होते, बोलणे बंद असते, पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायचे असते आणि त्यानंतर अंगभर उठणाऱ्या संवेदना, त्या सुखद असोत वा दुःखद, प्रतिक्रिया न देता न्याहाळायच्या असतात. विपश्यना शिबिर म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे, आणि तीव्र व्यसनाच्या माणसाने वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते तसे मानू नये. तरीही सिगारेट ओढणारा माणूस तिथे दहा दिवस राहिला, तर शारीरिक त्रासाचा सर्वांत कठीण काळ आपोआपच आत पार पडतो. अडचण सुरू होते ती अकराव्या दिवशी. सामान घेऊन तो बोटीने बोरिवलीच्या बाजूला उतरतो, रिक्षाच्या रांगेकडे वळतो आणि कोपऱ्यावरची पानाची टपरी त्याला दिसते : काचेच्या बरणीतील गोळ्या, तोरणासारख्या लटकणाऱ्या पुड्या, खांबाला दोरीने बांधलेला लायटर आणि हातात कटिंग घेऊन उभी असलेली ओळखीची दोन माणसे. दहा दिवसांत जी तलफ एकदाही इतक्या जोराने आली नव्हती ती इथे क्षणात येते, कारण निकोटीन शरीरातून निघून गेले असले तरी चहाचा पेला, लायटरचा आवाज, जेवणानंतरची पाच मिनिटे आणि साहेबांशी झालेली खडाजंगी यांच्याशी मेंदूने वर्षानुवर्षे बांधलेली गाठ तशीच असते. अशा गोष्टींना मानसशास्त्रात उद्दीपक म्हणतात, आणि आश्रमात, रुग्णालयात किंवा गावी राहून व्यसन सुटल्यासारखे वाटणे व घरी परतताच ते उफाळून येणे याचे कारण हेच असते.

याची उलटी बाजू व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात दिसली. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा त्याच्या कह्यात सापडलेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास होते, कारण व्यसन जडले ते ठिकाण, ती माणसे आणि ते प्रसंग मागे राहिले होते. बोरिवलीत राहून चर्चगेटला नोकरी करणाऱ्याला आपले ठिकाण असे मागे टाकता येत नाही. त्याला त्याच फलाटावर, त्याच टपरीसमोरून रोज जायचे असते. म्हणून किमान पहिले तीन महिने वाट बदलणे, स्टेशनच्या दुसऱ्या जिन्याने उतरणे किंवा चहा टपरीऐवजी कार्यालयातच पिणे या गोष्टींना क्षुल्लक समजू नये.

चहाच्या बाबतीत आणखी एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. सिगारेटच्या धुरातील डांबरयुक्त घटक यकृताच्या एका विकराला चालना देतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरात कॅफीन लवकर नष्ट होते. सिगारेट सुटली की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कॅफीन साठू लागते. छाती धडधडते, हात थरथरतो, झोप लागत नाही, आणि बिचारा माणूस समजतो की सिगारेटवाचून आपले काही खरे नाही. दिवसाचे सहा कप तीनवर आणले तर यातला बराचसा त्रास टळतो. दारूचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण ती उद्दीपकही आहे आणि विवेकही सैल करते. सुरुवातीच्या महिन्यांत पार्टीला नकार देणे हा उद्धटपणा नसून औषधाचाच भाग समजायला हवा.

इतकी काळजी घेऊनही एखादी सिगारेट ओढली जाऊ शकते, आणि पुढचे सारे तिच्यानंतरच्या काही तासांवर अवलंबून असते. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांचे सर्वांत मोलाचे काम याच ठिकाणी आहे. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी दोन घटना वेगळ्या केल्या : एखाद-दुसऱ्या वेळचे घसरणे आणि पूर्वीसारखे नियमित सेवन सुरू होणे. पहिल्याला 'स्लिप' आणि दुसऱ्याला 'रिलॅप्स' हे शब्द मराठीतही व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात रुळले आहेत. पहिली घटना दुसरीत बदलते ती केवळ निकोटीनमुळे नव्हे, तर घसरलेल्या माणसाच्या मनात जे घडते त्यामुळेही, असे मार्लॅट यांचे प्रतिपादन होते. 'संकल्प मोडलाच आहे, आता काय राहिले', 'आपल्याकडून हे होणारच नाही' असे तो स्वतःला सांगतो, शरमेपायी घरच्यांपासून ती सिगारेट लपवतो, आणि त्या अपराधी भावनेवर उतारा म्हणून पुन्हा सिगारेटच ओढतो. या साखळीला संकल्पभंगाचा परिणाम म्हणता येईल. जितका कडक संकल्प तितका त्याच्या भंगाचा धक्का मोठा, ही त्यातली खेदाची गोष्ट आहे. उपास चुकून मोडला तर त्याच दिवशी नेहमीच्या पंगतीला बसणारा आपला समाज सिगारेटच्या बाबतीतही हीच रीत पाळतो, आणि घरातली माणसे 'माहीतच होतं आम्हाला' असे म्हणून तिला हातभार लावतात. जो माणूस त्याच संध्याकाळी उरलेले पाकीट मोडून टाकतो, घरी खरे सांगतो आणि ती सिगारेट कोणत्या प्रसंगी, कोणासोबत ओढली गेली हे लिहून ठेवतो, त्याच्या हाती त्या प्रसंगातून एक उपयोगी माहिती आलेली असते.

मार्लॅट यांचा विपश्यनेशी संबंध आला तो सिएटलजवळच्या 'नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी' या तुरुंगात. तिथे १९९७ मध्ये गोयंका-परंपरेतील शिबिरे सुरू झाली होती, आणि मार्लॅट व सारा बोवेन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिबिर केलेल्या बंद्यांमध्ये सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत दारू, गांजा आणि क्रॅक कोकेन यांचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले. तलफ हाताळण्यासाठी मार्लॅट जी रीत शिकवत असत तिचेही या साधनेशी जवळचे नाते आहे : तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी उठते, शिखराला पोहोचते आणि ओसरते, तिच्याशी झगडू नये, तिला शरणही जाऊ नये, तर ती छातीत, घशात, बोटांत नेमकी कुठे व कशी जाणवते हे पाहत तिच्यावर तरंगत राहावे. एक तलफ साधारणतः काही मिनिटांचीच असते. बोवेन आणि मार्लॅट यांनी २००९ मध्ये धूम्रपान करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही रीत थोडक्यात शिकवून पाहिली, तेव्हा पुढच्या सात दिवसांत त्यांनी इतरांपेक्षा कमी सिगारेटी ओढल्या, मात्र त्यांच्या तलफेत फरक पडलेला नव्हता. तलफ तितकीच येत होती. तिच्यामागून हात पाकिटाकडे जाणे कमी झाले होते.

तरीही या उपायाचा बोलबाला पुराव्यापेक्षा मोठा होऊ देऊ नये. ध्यानाधारित उपचारांनी धूम्रपान कायमचे सुटण्यास इतर उपचारांहून अधिक मदत होते का, याचा २०२२ मधील कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे एकत्रित मूल्यमापन, तसा स्पष्ट लाभ दाखवू शकलेला नाही. निकोटीनचे च्युइंगगम वा पट्ट्या, तसेच बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी औषधे यांचा पुरावा याहून भक्कम आहे. औषध घेणे म्हणजे इच्छाशक्ती कमी पडल्याची कबुली, असे मानून कित्येक जण ते टाळतात किंवा दोन आठवड्यांत बरे वाटताच सोडून देतात, ही गोष्ट खरोखर वाईट वाटण्याजोगी आहे, कारण नेमका त्यापुढचाच काळ धोक्याचा असतो.

महाराष्ट्रात एक निराळी पळवाट फार जवळ आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ज्या समाजात चुना-तंबाखूची डबी खिशाखिशांत आणि मशेरी घराघरांत असते, तिथे सिगारेट सुटलेला माणूस सहज गालात बार भरू लागतो आणि धूर निघत नाही म्हणून स्वतःला मुक्त समजतो. त्याचे निकोटीन सुटलेले नसते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका नव्याने ओढवलेला असतो. सुटी सिगारेट हीसुद्धा अशीच पळवाट आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास बंदी केली, ती योग्यच होती, कारण घसरणारा माणूस पाकीट मागत नाही, एकच मागतो. टपऱ्यांवर ही बंदी जितकी पाळली जाईल तितकी स्लिप अवघड होईल.

सोडल्यानंतरच्या वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, हेही आधीच सांगितलेले बरे; न सांगितल्यास, विशेषतः स्त्रिया, याच कारणाने परत वळतात. वर्ष पूर्ण झाले तरी धोका संपत नाही : वर्षभर टिकलेल्यांपैकीही पुढे दर वर्षी १० टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा ओढू लागतात, असे २००८ मधील एका आढाव्यात दिसले, आणि हे बहुधा घरातला मृत्यू, नोकरी जाणे किंवा लग्नाच्या आदल्या रात्रीची मैफल अशा वेळी घडते, जेव्हा आसपासच्या कोणालाही त्या माणसाच्या जुन्या व्यसनाची आठवण उरलेली नसते. १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, २०१८ मध्ये मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयातही तिचे केंद्र उघडले, आणि तिचा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच ती आहे असा समज आहे; पण सहा महिन्यांपूर्वी सोडलेल्या आणि काल रात्री एक ओढलेल्या माणसानेही तोच क्रमांक फिरवायचा असतो.