एकट्याचं घर: भिंती किती, दारं किती?

एकट्या माणसासाठी काढलेला घराचा नकाशा बघावा, तर तो बहुतेक वेळा चौघांच्याच घराचा आक्रसलेला नकाशा निघतो. पुढे छोटा हॉल, आत त्याहून छोटं किचन, मागे पलंग कसाबसा मावेल अशी बेडरूम आणि या सगळ्यांना जोडणारं अंधारं बोळ. निवृत्त होऊन गावाकडे परतलेले मास्तर असोत की घरूनच काम करणारी मुलगी, मिस्त्री कागदावर आधी ‘वन बीएचके’च काढतो. पण खोल्या पाडायच्या कशासाठी, तर एकाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. इथे दुसरा आहेच कुठे? एकट्याच्या घरात आतली भिंत खरी लागते ती पाणी अडवायला, म्हणजे न्हाणीघराला. स्वतःच घातलेल्या फोडणीचा ठसका स्वतःलाच लागणार असेल, तर त्यासाठी खिडकी आणि एक एक्झॉस्ट पंखा पुरतो.

भिंत आली की दार आलं, आणि दार जागा खातं. तीन फुटी दार उघडताना जमिनीवर साधारण सात चौरस फुटांचा पाव गोल काढतं. त्या गोलात ना खुर्ची ठेवता येत, ना पाण्याचा पिंप. अशी चार दारं म्हणजे २८ चौरस फूट. तेवढ्यात चार बाय सातचं न्हाणीघर बसतं. शिवाय नऊ इंची विटांची बारा फूट लांब भिंत स्वतःच नऊ चौरस फूट गिळते.

जागेची काटकसर किती ताणता येते, ते ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराने करून पाहिलं. १९५२ साली फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर त्याने सुट्टीत राहायला एक लाकडी खोली उभारली, ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत बारा बाय बारा. पलंग, टेबल, कपाटं सगळं भिंतींना लगटून, आणि संडास नुसत्या पडद्याआड. (बायकोही तिथे राहायची. तिचं मत कुणीतरी विचारायला हवं होतं.) स्वयंपाकघर मात्र नाही, कारण शेजारीच खाणावळ होती आणि तिच्यात जायला खोलीतूनच दार होतं. तुमचा दोन वेळचा डबा बाहेरून येत असेल तर हे तुम्हालाही जमेल. भाकरी घरीच थापायची असेल तर ओटा हवाच.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे २६९ चौरस फूट. त्याच्या आसपासचंच माप घेऊ: आतून २४ फूट लांब, १२ फूट रुंद, लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या टोकाला चार बाय आठचं न्हाणीघर, संडासासह. दुपारचं ऊन त्याने झेलावं. उरलेल्या चार बाय चारच्या कोपऱ्यात मोरी आणि मागचं दार. न्हाणीघराच्या आतल्या भिंतीला पाठ लावून आठ फुटी ओटा. सगळे नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या एकाच टोकाला आल्या, की प्लंबरचं बिल घटतं आणि गळती शोधायला अख्खं घर फोडावं लागत नाही. स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड पश्चिमेला होतं, म्हणून वास्तुशास्त्रवाले नाक मुरडतील. त्यांनी पूर्वेचा आग्रह धरावा, मी सांडपाण्याच्या नळीचा धरतो.

ओट्याचे दोन फूट गेले तरी १८ बाय १२ची सलग जागा उरते. पूर्वेकडे पलंग, उत्तरेच्या खिडकीशी टेबल. पुढचं दार लांब बाजूला, मधोमध. पलंग आणि दार यांच्यामध्ये सहा फुटी कपाट आडवं ठेवायचं. एकटं राहणाऱ्याकडेही गॅसवाला येतो, शेजारीण वाटी घेऊन येते. त्यांना दारातून विस्कटलेली गादी दिसायला नको. त्यासाठी भिंत लागत नाही. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी तर खोली अजिबात बांधू नये. घडीची गादी ठेवावी.

न्हाणीघरात मात्र कंजुषी नको. त्याचं दार बाहेर उघडणारं हवं, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी. माणूस आत घसरून दाराशीच पडला, तर आत उघडणारं दार त्याच्या अंगाला अडतं आणि मदतीला आलेला बाहेर ताटकळतो. चौघांच्या घरात हाक ऐकायला कोणी तरी असतं. इथे दुधवाला किंवा शेजारी येईपर्यंत वेळ जाणार. निदान तो आल्यावर दार तरी उघडावं. लादी खरखरीत, कमोडशेजारी धरायला दांडी, हे तर पन्नाशीतच करून घ्यावं.

पूर्वेच्या भिंतीतल्या खिडकीवर दाराच्या रुंदीचं लिंटल टाकून ठेवा. उद्या आई राहायला आली किंवा घर विकायचं झालं, तर खिडकीखालची भिंत उतरवून पलीकडे खोली जोडता येते.

पाया खणण्याआधी फक्की मारली, की मालकाचा धीर सुटतो. उघड्या रानात बारा फूट म्हणजे काहीच वाटत नाही. “मिस्त्री, एवढीशीच खोली?” “बाई, आखणीत घर नेहमी लहानच दिसतं. भिंती वर येऊ द्या.” तो खरं सांगतो; पण मालक घाबरून जागच्या जागी दोन फूट वाढवतो आणि स्लॅबचा हिशेब कोलमडतो. त्यापेक्षा त्याच फक्कीने पलंग, कपाट, ओटा, दारांचे पाव गोलही आखून घ्यावेत आणि ओट्यापासून पलंगापर्यंत, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालून बघावं. तीन फुटांपेक्षा कमी वाट उरली, तर कपाट सरकवावं.