बिल अडते ते यंत्रामुळेच का?

जळकोटसारख्या गावात कापड दुकानदाराला रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे निम्मे वर्ष. २०२५ च्या ईदेआधी नेमके त्याच दिवसांत आमच्या काउंटरवर बिल निघता निघेना. गिऱ्हाईक कापड तसेच ठेवून उठू लागले. सोलापूर-हैदराबाद रस्ता जवळच. नळदुर्ग, उमरगा, सोलापूर, त्यांना कुठेही जाता येते.

संगणकवाला म्हणाला, यंत्र जुने झाले. आम्ही नवे घेतले. बिल तसेच अडले!

शेवटी ओळखीच्या एका जाणकार तरुणाला बोलावले. आमचा हिशेब पोस्टग्रेस नावाच्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे. माल, गिऱ्हाईक, बिले, उधारी यांचे तक्ते वेगळे, पण क्रमांकाने एकमेकांशी जोडलेले. ही रीत आय.बी.एम.चे संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली. याच डेटाबेसमध्ये 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' नावाची यादी असते. या घडीला कोणाचे काम चालू आहे, केव्हापासून, आणि कोण कशासाठी ताटकळला आहे, हे तीत दिसते.

यादीत गोदामाच्या संगणकाची एक ओळ चाळीस मिनिटे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' होती. म्हणजे काम उघडले, पण पुरे केले नाही. पोराने एका मालाचा साठा बदलायला घेतला आणि तो चहाला गेला. आमचे सॉफ्टवेअर तेवढा वेळ त्या मालाची नोंद धरून ठेवते. त्याच मालाचे बिल मग थांबून राहते. मुनीमजी खतावणीच्या पानावर बोट ठेवून उठून गेले, असाच प्रकार.

अशी रिकामी बसलेली जोडणी ठराविक वेळाने तोडण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, पण ती मुळात बंद असते. आम्ही पाच मिनिटे ठरवली. अर्धवट काम रद्द होते, अर्धी नोंद राहत नाही. खरा दोष सॉफ्टवेअरचा. तो दुरुस्त करायला सांगितले आहे.

दोन सेकंदांहून जास्त वेळ घेणारे हुकूम टिपून ठेवण्याची सोयही सुरू केली. तेव्हा कळले, नावावरून उधारी शोधताना संगणक सगळी खाती चाळत होता. नावांचा इंडेक्स, म्हणजे अनुक्रमणिका, बनवली आणि काम झटक्यात होऊ लागले. (प्रत्येक गोष्टीचा इंडेक्स मात्र करू नये, नवी नोंद लिहायला उशीर लागतो.)

ही यादी पाहण्याची परवानगी द्यायला सॉफ्टवेअरवाल्याने फार आढेवेढे घेतले. हिशेब आमचा, किल्ली त्याच्याकडे! 'पीजी_मॉनिटर' नावाचा, फक्त पाहण्यापुरता अधिकार देता येतो हे दाखवल्यावर तो तयार झाला. आता दर गुरुवारी दुकान वाढवण्याआधी आम्ही यादी पाहतो.