पहिल्या वर्षी ठरलं नाही तर?

प्रवेश झाला, पण पुढं काय करायचं ते ठरेना. अशा विद्यार्थ्याला नव्या शैक्षणिक धोरणानं उसंत दिली आहे. मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचेही विषय घेता येतात, मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात.

वाट बदलणं वऱ्हाडाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत बॅरिस्टर झाले, डॉक्टरेट मात्र वैदिक वाङ्मयातील धर्मावर केली आणि १९५२ ते १९६२ देशाचं कृषी खातं सांभाळलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावानं आहे.

आपली वाट ओळखायची तर अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सहीपुरतं उरकू नये. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तुरीची आवक, प्रतवारी, भावाच्या नोंदी पाहिल्या की वाणिज्य आपल्याला रुचतं का, हे वर्गापेक्षा लवकर कळतं.

विषय निवडण्याआधी महाविद्यालयाकडून पर्यायांची पूर्ण यादी मागून घ्या.